जित्या माणसाची गादी

घरातलं माणूस जिवंत असेल, तर त्याची गादी नाल्यावर टाकू नये. ही अक्कल मला पन्नाशीत आली, तीही अर्धं गाव दारात रडायला आल्यावर.

आमच्या आबांना दमा. आई गेल्यापासून धाड गावातल्या घरात एकटेच राहतात आणि झोपायचे लग्नातल्या गादीवर. तिच्यातला कापूस आमच्याच शेतातला, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. कापूस कसला, गोळे झालेले. थाप मारली की धूळ उठे. डॉक्टर म्हणाले, आधी ती गादी घराबाहेर काढा, मग औषधाचं बघू. मी बुलढाण्याहून नवी गादी घेऊन आले नि आबा शेतात गेल्याबरोबर जुनी ओढत घंटागाडीपाशी नेली.

गाडीवाला मागे सरकला. "मयताची गादी आमी नाई घेत, ताई."

"मयताची नाही. आबा चांगले आहेत."

"मंग टाकता काऊन?"

आता याला काय सांगणार! रागारागात मीच ती नाल्याच्या काठावर नेऊन टाकली. नेमकी तिथे, जिथे गाव मेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण टाकतं. लहानपणापासून पाहिलेली जागा, पण तेव्हा माझी अक्कल शेण खायला गेली होती.

थोड्याच वेळात शेजारची मावशी दारात. नाल्यावर आबांची गादी तिने ओळखली होती. डोळ्यांना पदर, हातात पिठलं-भाकरी. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून कडू घास. "बाई वं, कसं झालं वं!" तिने हंबरडा फोडला आणि शेतातून आलेले आबा मोरीत पाय धुऊन बाहेर आले. मावशीने भाकरीसकट भिंत धरली.

"कोन गेलं?" आबांनी विचारलं.

"तुमीच," मावशी म्हणाली.

आबा जरा विचारात पडले. मग "आनलीच हाये त ठेव," म्हणत त्यांनी पिठल्यावरचं झाकण काढलं.

तोवर गावाच्या ग्रुपवर आबांचा फोटो हार घालून फिरत होता. त्यांची तक्रार मरणाबद्दल नव्हतीच. "दाढी वाढेल हाये ना त्याच्यात," म्हणाले. मी संतापून 'आबा ठणठणीत आहेत' असं लिहायला घेतलं, तर त्यांनी माझा हात धरला.

"थांब. दादा येते का पाहू दे."

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, माझे मोठेबाबा. जळगाव जामोदला लेकाकडे असतात. दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावरची बाभूळ कोणी तोडायची, यावरून दोघांचा वर्षानुवर्षांचा अबोला. बाभूळ केव्हाच वाळवीने खाल्ली, अबोल्याला काही वाळवी लागली नाही.

"आबा, लाज वाटू द्या जरा! म्हातारा माणूस इतक्या दुरून रडत येईल!"

"तो येईन का पन?" ते म्हणाले. "खरा मरीन तवा तो आला का नाई, हे मले दिसन का?"

मला भडभडून आलं, आणि चीडही तेवढीच आली. फोन मी खाली ठेवला. आबांनी दाढी केली, धुतलेलं धोतर नेसलं आणि नव्या गादीवर दाराकडे तोंड करून बसले. रडत येणारा प्रत्येक जण त्यांना पाहून दचके, आबा म्हणत, "बस, पन बाहेर सांगू नको." ओसरीत चांगली बैठक जमली. एसटीचा हॉर्न वाजला की सगळे गप्प होत. दिवस कलला तसं आबांचं बोलणं कमी झालं. "त्याचे गुडघे दुखतात," ते मलाच समजावू लागले.

आणि दारात गादी आली. आधी गादी, तिच्याखाली दोन वाकडे पाय. स्टँडवरून येताना मोठेबाबांना ती नाल्यावर दिसली होती. भावाची गादी कुत्र्यांनी फाडावी, हे त्यांना बघवलं नाही, म्हणून डोक्यावर घेऊन आले. त्यांनी ती धाडकन खाली टाकली. धुळीचा लोट उठला आणि धुळीपलीकडे त्यांना आबा दिसले.

मोठेबाबांनी तोंड माझ्याकडे वळवलं. "इचार त्याले," ते मला म्हणाले, "हे काय नाटक हाये?"

"सांग त्याले," आबाही मलाच म्हणाले, "का..." पुढचं खोकल्यात गेलं. धूळ छातीत शिरली होती. ढास थांबेना, चेहरा काळानिळा. मी दम्याचा पंप शोधायला आत धावले. घेऊन आले तर मोठेबाबा नव्या गादीवर बसून आबांची पाठ चोळत होते. डोळ्यांतून पाणी, तोंडाने शिव्या.

पंप मारल्यावर खोकला थांबला. मोठेबाबांनी हात काही काढला नाही. मला मध्ये न घेता त्यांनी विचारलं,

"खरंच मरशीन तवा तरी कळवशीन का बे?"

"हाव दादा," आबा म्हणाले. "पयला फोन मीच करीन."