खुर्चीतला प्रश्न

शिंपीणकाकूंच्या यजमानांची नजर गेली, तेव्हापासून काकू शिलाई आटोपली की त्यांना वाचून दाखवत. मधमाश्या, ज्वालामुखी, मिठाचा इतिहास, हाती लागेल ते. नवलाचं काही आलं की ते मान पुढे करून विचारत, "खरंच असं असतं?" कादंबरी मात्र नको म्हणत. "रचलेल्या गोष्टी काय, मीही सांगेन!"

ते गेले. काही आठवड्यांनी काकूंनी पुन्हा पुस्तक उघडलं. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, हे त्यांनी सवयीने मोठ्याने वाचलं आणि यजमानांच्या रिकाम्या खुर्चीतून आवाज आला, "खरंच असं असतं?"

काकूंच्या अंगावर सर्रकन काटा आला. पुस्तक तसंच टाकून त्या लेकीकडे राहायला गेल्या. मन रमावं म्हणून लेकीने कादंबरी दिली. तीही त्यांनी मोठ्याने वाचून पाहिली. कोणीच काही विचारलं नाही. ती शांतता त्यांना आवाजाहून भयाण वाटली.

दुसऱ्याच दिवशी परतताना त्या वाचनालयात शिरल्या.

"कुठला विषय देऊ, काकू?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"कुठलाही चालेल, बाई. फक्त खरं असू दे."

बाईंनी हिमनद्यांवरचं जाडजूड पुस्तक पुढे केलं. ते पोटाशी धरून काकू झपाझप घराकडे निघाल्या.