अब्बांची मूठ आणि तलावातली मरळ

आधीच सांगून टाकतो... भूत, जिन, करणी, बाहेरची बाधा, यातलं मी काहीही मानत नाही. माझा धंदा मोटार वाइंडिंगचा. मोटार जळली की तिला कारण असतं. व्होल्टेज पडलं, बेअरिंग जाम झालं, नाहीतर मालक पंप बंद करायचं विसरून लग्नाला निघून गेला. कारण नाही असं होतच नाही, आपल्याला शोधायचा कंटाळा येतो एवढंच. या ग्रुपवरचे अनुभव मी वाचत असतो. त्यात पांढरी साडी असते, पैंजण असतात. माझ्याकडे तसलं काही नाही, त्यामुळे ज्यांना घाबरायचं आहे त्यांनी दुसरं काहीतरी वाचावं.

ब्रह्मपुरीत पुढे आमचं दुकान आणि मागे घर. दुकान अब्बांनी उभं केलं, मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. मग त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, आणि उजव्या हाताची मूठ जी आवळली ती आवळलीच. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. इतरांना सांगतो — अशी मूठ उघडत नाही. आत नखं वाढत राहतात, तळव्यात रुततात, घाम साचतो, जखम होते आणि वास येतो. अम्मी रोज कोमट पाण्यात कापड भिजवून बोटांच्या फटीतून आत सरकवायची. ते जाईल तेवढं जायचं. एकदा व्यायाम करवायला एकाला बोलावलं, त्याने जोर लावून बोटं उचकटली. अब्बा असे ओरडले की अम्मीने त्या माणसाला चप्पल घालायलाही वेळ दिला नाही. डॉक्टर म्हणाले नागपूरला इंजेक्शन मिळतं, फरक पडेल, नाही पण पडणार. दोनदा नेऊन आणलं. पडला नाही.

मी थकलो होतो, खरं सांगतो. धानाच्या हंगामात पंपांची रांग लागते, गिऱ्हाईक डोक्यावर बसतं, आणि मध्येच आतून हाक येते, ‘‘रफिक, जरा कूस बदलायला ये.’’ कधी कधी मला अब्बांचा राग यायचा. पडल्या माणसाचा राग! मग त्या रागाचाही राग यायचा.

शुक्रवारी नमाजनंतर दुकान बंद असायचं. तेवढा वेळ माझा. मी मोटरसायकल काढायचो आणि तलावावर जायचो. नागभीडच्या रस्त्याला लागून आत वळलं की एक जुना मालगुजारी तलाव आहे. गावाचं नाव लिहीत नाही, उगाच लोक जत्रा भरवतील. एका बाजूला मातीची पाळ, तिच्यावर मोहाची झाडं, खाली धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. दुसऱ्या बाजूला बेशरमाची झुडपं पार पाण्यात उतरलेली. तलाव ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या सोसायटीकडे. त्यातला सुखदेवभाऊ अब्बांच्या ओळखीचा, म्हणून मला गरी टाकायला कुणी नाही म्हणत नव्हतं. गरी म्हणजे आमच्याकडे गळ.

मी फक्त मरळीसाठी बसायचो. काळपट, पोटाकडे पट्टे असलेला मासा, अंगात ताकद भरपूर. अब्बांनीच शिकवलं होतं. काठी नाही, हातातच दोरी. गरीला बेडकी लावायची आणि काठच्या गवताजवळ टाकायची. मरळ बेडकी पकडते, पण लगेच गिळत नाही, तोंडात धरून निघते. इथेच नवखा माणूस झटका देतो आणि हात हलवत घरी जातो. तेव्हा मूठ उघडायची, दोरी जाऊ द्यायची. ढील द्यायची. ती थांबून गिळायला लागली की मग झटका.

एका शुक्रवारी चांगली मोठी मरळ लागली. मी ढील देत होतो तेवढ्यात खिशात फोन वाजायला लागला. उचलतो कशाला? दोरी थांबली, मी झटका दिला, ओढून काढली. मग पाहिलं तर घरून मिस्ड कॉल. लगेच फोन लावला. अम्मी रडत होती. (आम्ही घरी हिंदी बोलतो, इथे मराठीत लिहितोय.)

‘‘मूठ उघडली होती रे! आपोआप! फुलासारखी. मी नसरीनला म्हटलं रफिकला फोन लाव, रिंग जाते तोवर फाडकन बंद झाली.’’

नसरीन म्हणजे माझी बायको. तिनेही पाहिलं होतं.

योगायोग, मी म्हटलं. डॉक्टरही म्हणाले की कधीकधी स्नायू सैल पडतात. पुढच्या शुक्रवारी मरळ लागली आणि मूठ पुन्हा उघडली. तोवर मी घरी काहीच बोललो नव्हतो. त्याच्या पुढच्या शुक्रवारी मात्र मीच नसरीनला फोन करून चालू ठेवायला सांगितला, कान टवकारून बसलो, आणि मरळीने बेडकी घेतल्यावर एक शब्द बोललो नाही. दोरी माझ्या हातातून सरकायला लागली आणि तिकडून अम्मी ओरडली, ‘‘उघडली! कटर दे, लवकर!’’

माझं सगळं लक्ष फोनकडे गेलं. पण हात आपलं काम करत राहतो ना... दोरी थांबली आणि मी सवयीने झटका दिला. फोनमधून अब्बांचं ओरडणं ऐकू आलं, मग अम्मीचं. मूठ बंद झाली होती आणि अम्मीचं बोट आत होतं, नेलकटरसकट.

घरी गेलो तेव्हा तिचं बोट सुजलेलं होतं. मी दोरीचं सगळं सांगून माफी मागायला लागलो तर म्हणाली, ‘‘ते सोड. दोन नखं कापली मी. पुढच्या वेळी ओढू नकोस, बस.’’

कसं काय, का, कुणी केलं, असलं काही तिने विचारलं नाही. एका नातेवाइकाने ताईत सुचवला तर त्याला म्हणाली, ताईत बांधायला आधी मनगट धुवायला मिळू दे.

मग माझे शुक्रवार माझे राहिले नाहीत. मी जायचो, बेडकी टाकायचो, मरळीने घेतली की दोरी सोडत राहायचो. दोरी सुटत आहे तोवर तिकडे मूठ उघडी. दोरी संपून ताठ झाली, की बंद. तेवढ्यात अम्मी तळवा धुवायची, मलम लावायची, नखं कापायची. मरळीला दुखापत नको, म्हणून मी आधी गरीचा काटा घासून टाकला. नंतर गरीच काढली आणि बेडकी नुसती दोरीला बांधायला लागलो. दोरीही लांब घेतली, जुन्या दोरीला जोडून लाकडी चकरीवर गुंडाळली. जखम भरत आली. वास गेला. अब्बांच्या कपाळावरची आठी पण कमी झाली असं अम्मी म्हणायची. मला ते दिसलं नाही, पण मी हो म्हणायचो.

आणि मी? मला एक मासा मिळत नव्हता. उन्हात बसा, बेडक्या पकडा, दोरी सोडा, दोरी गुंडाळा. कधी अंधार पडेपर्यंत काही लागायचं नाही आणि घरी अम्मी कोमट पाणी घेऊन ताटकळत बसलेली. पाळीवरून जाणारे हसायचे. सुखदेवभाऊ तर हात धुऊन मागे लागला होता.

‘‘काऊन रफिकभाऊ, मरळी पोसून राह्यले का तुमी? फुकटच्या बेडक्या खाऊ घालून राह्यले!’’

‘‘सवाब मिळतो, भाऊ. पुण्य.’’

‘‘अन् ते ओढत काऊन नाई जी? हाताले लकवा मारला का?’’

बोलल्यावर त्यानेच जीभ चावली. मी हसलो. काय करणार?

एकदा त्याने माझी दोरी उचलून पाहिली. ‘‘बाप्पा! गरी कुठी हाय?’’ मी म्हटलं तुटली असेल. त्याने बेडकीची गाठ पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि जाऊन आपल्या डोंग्यात बसला. त्यानंतर त्याने चिडवणं बंद केलं. मला वाटतं त्याला माझी काळजी वाटायला लागली होती.

अब्बा उन्हाळ्यात गेले, सकाळी, चहा पाजताना. त्रास झाला नाही. माणसं जमली, कबर खोदायला पोरं गेली, जनाजा जोहरनंतर, म्हणजे दुपारच्या नमाजनंतर ठरला. मय्यतीला गुसल द्यायची, म्हणजे अंघोळ घालायची वेळ आली आणि सगळ्यांचं लक्ष त्या मुठीकडे गेलं. शुक्रवार लांब होता. मूठ तशीच घट्ट.

मौलाना भले माणूस. म्हणाले, ‘‘जितकं पाणी पोचतं तितकं पोचवा, अल्लाह मेहेरबान आहे.’’

अम्मी म्हणाली, ‘‘नाही. मुठीत मळ घेऊन मी त्यांना पाठवणार नाही.’’

कुणीतरी म्हटलं जोर लावून पाहू. तिने असं बघितलं की तो मागे सरला. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, ‘‘जा.’’

मी दोरी उचलली. दारात चाचा आडवे आले. ‘‘बापाची मय्यत घरात आणि हा मासे मारायला निघाला? लाज आहे का?’’

‘‘मी पाठवलंय त्याला,’’ अम्मी आतून म्हणाली.

तलावावर ऊन मरणाचं. पाणी खूप उतरलेलं. मी बेडकी टाकली आणि बसलो. काही नाही. जागा बदलली, काही नाही. मनात येत होतं, बाप तिकडे फळीवर, लोक खोळंबलेले, आणि तू इथे दोरी धरून बसलास! वेडा झालास तू, रफिक. आणि मरळ लागलीच तरी काय होणार? जिवंत माणसाचा हात होता तोवर ठीक, आता तर...

सुखदेवभाऊ पाळीवरून आला. ‘‘आज काऊन? आज तं शुक्रवार नाई.’’

‘‘अब्बा गेले.’’

‘‘अरे राम! कवा?’’

‘‘सकाळी.’’

‘‘मंग तुमी इथी काऊन बसले जी?’’

मी सांगितलं. पहिल्यांदाच घराबाहेरच्या कुणाला सगळं सांगितलं. सांगताना मलाच ते खोटं वाटत होतं. तो ऐकत राहिला. हसला नाही, हात पण जोडले नाहीत. पाण्याकडे बोट करून म्हणाला, ‘‘चला. तिकडं बेशरमात एक मरळ पोरं घेऊन हाय. लाल लाल पोरं, मी काल पाह्यली. पोरंवालीले आमी गरी टाकत नाई... पन तुमची गरी तं गरीच नाई.’’

आम्ही वळसा घालून गेलो. झुडपांच्या मध्ये पाण्यावर पिल्लांचा लालसर घोळका दिसत होता, उकळल्यासारखा. मी घरी फोन लावला, स्पीकरवर टाकून सुखदेवभाऊच्या हातात दिला, आणि बेडकी घोळक्याजवळ टाकली.

पाणी फुटलं. तिने रागानेच धरली आणि पिल्लांपासून दूर, खोल पाण्याकडे निघाली. दोरी माझ्या बोटांतून सरकायला लागली.

फोनमध्ये आधी काहीच नाही. मग नसरीनचा आवाज, अगदी हळू. ‘‘उघडली.’’

मग पाण्याचा आवाज. अम्मी म्हणतेय साबण दे. नेलकटर वाजतोय. मौलाना काहीतरी पुटपुटत होते. चाचांचा आवाज नव्हता. माझ्या चकरीवरची दोरी भराभर कमी होत होती.

‘‘झालं का अम्मी?’’ मी ओरडलो.

‘‘झालं. स्वच्छ झाला.’’

‘‘मग सोडून देऊ?’’

अम्मी म्हणाली, ‘‘थांब... जरा हातात घेऊ दे.’’

किती दिवसांनी तिला तो हात उघडा मिळाला होता! धुवायला, कापायला मिळायचा, पण तेव्हा तिची घाई असायची. नुसता धरायला कधी मिळाला नव्हता.

चकरी रिकामी झाली. दोरीचं टोक माझ्या हातात, आणि ती ताठ व्हायला लागली. मी चपला न काढताच पाण्यात उतरलो. गुडघ्याएवढं, कमरेएवढं. खाली चिखल, पाय रुतत होते. सुखदेवभाऊ फोन डोक्याच्या वर धरून माझ्या मागे मागे येत होता. मरळ पुढे, मी तिच्या मागे, दोरी सैल ठेवत. मी रडत होतो, अगदी लहान मुलासारखा, आणि मला कुणाचीही लाज वाटत नव्हती. फोनमधून अम्मीचा फक्त श्वास येत होता. छातीपर्यंत पाणी आलं तेव्हा सुखदेवभाऊ म्हणाला, ‘‘भाऊ, पुढं खोल हाय.’’ मी अजून थोडा पुढे गेलो.

मग अम्मी म्हणाली, ‘‘ये आता. नमाजला उशीर होईल.’’ मी टोक सोडून दिलं.

नंतर मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले मेल्यावर अंग काही वेळ सैल पडतं, त्यात नवल काही नाही. असेल. त्या दिवसाला कारण मिळालं म्हणा. आधीच्या सगळ्या शुक्रवारांना नाही मिळालं. अब्बा गेल्यावर मी गरी टाकली नाही. अम्मीशीही हा विषय काढलेला नाही, तिलाही काढायचा नसावा. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर खाली लिहा, पण जिन-बिन लिहू नका, तेवढी ताकद आता माझ्यात नाही. यातलं मला काहीच कळलेलं नाही. फक्त दोरी संपल्यावर मी पाण्यात का उतरलो, तेवढं मला माहीत आहे.