सतरा नोंदींचा अर्थ

मला लिहिण्याची सवय नाही, आणि हे कोणी वाचेल असंही वाटत नाही. पण आमच्या पाणीपुरवठा कार्यालयातल्या टिंबनानांबद्दल कोणीतरी लिहायला हवं होतं. दुसरं कोणी पुढे आलं नाही, म्हणून मी.

नाना दुरुस्तीची नोंदवही ठेवायचे. जमिनीखाली कोणता नळ कुठून जातो आणि कोणता व्हॉल्व्ह कुठे पुरलाय, हे सगळं त्या वहीत. एका वर्षी कागद वाचवा असं परिपत्रक आलं. ते आम्ही सर्वांनी फाइलला लावलं. नानांनी ते पाळलं. ‘मुख्य वाहिनी, गळती, दुरुस्ती पूर्ण’ याचं त्यांनी ‘मु.वा.ग.दु.पू.’ केलं. ‘व्हॉल्व्ह शाळेच्या मागे डावीकडे चार पावलांवर’ याचं ‘व्हॉ.शा.मा.डा.४पा.’ झालं. तेव्हाच्या साहेबांनी सर्वांसमोर पाठ थोपटली. मग काय, नानांच्या हाताला टिंबांची चटकच लागली.

तसं पाहिलं तर ‘उदा.’, ‘इ.’, ‘ता.क.’ आपण सगळेच लिहितो. ते संक्षेप सर्वांच्या ओळखीचे आहेत. स्वतः बनवलेला संक्षेप असेल तर तो आधी पूर्ण लिहावा, मग आखडावा, एवढंच पथ्य. नानांचं पूर्ण रूप मात्र फक्त नानांच्या डोक्यात असायचं. फोन आला की शिपाई ओरडायचा, “नाना, वही बोलत नाही, तुम्ही बोला!” नाना वहीवर बोट ठेवून सांगायचे आणि खणणाऱ्यांना बरोबर तिथेच व्हॉल्व्ह सापडायचा. एकोणतीस वर्षं असं चाललं.

मग निवृत्ती आली. नानांची थोरली बहीण दुसऱ्या गावी एकटी राहायची. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन एक तारखेला ठरलं होतं आणि सोबतीला नानांशिवाय कोणी नव्हतं. एकतीसच्या संध्याकाळच्या गाडीचं तिकीट काढून झालं होतं.

तेवीस तारखेला साहेबांनी बोलावलं. “नाना, सगळ्या संक्षेपांचे अर्थ लिहून द्या. त्याशिवाय कार्यमुक्तीच्या आदेशावर सही नाही.”

“पण साहेब, माझी ताई...”

“ताईंना म्हणावं, थोडं थांबा. डोळे कुठे पळून जातायत?”

आम्ही दोघं बसलो. मी त्या वहीचा तपासनीस होतो ना. नाना सांगायचे, मी लिहायचो. एकूण तीनशे बारा संक्षेप निघाले. एकतीसच्या दुपारपर्यंत दोनशे पंच्याण्णव झाले. उरलेले सतरा नानांना काही केल्या आठवेनात. ‘प.जु.खा.वि.’ यावर त्यांनी तासभर डोकं धरलं.

मी हळूच म्हटलं, “काहीतरी लिहून टाका हो. कोण बघतंय?”

नाना माझ्यावर प्रथमच चिडले. “आणि उद्या त्यावर विसंबून कोणी कुणाच्या अंगणात खड्डा पाडला तर? मला माहीत नाही, तर नाही.”

वही आणि यादी घेऊन ते साहेबांकडे गेले. मी मागे, दाराला टेकून.

“सतरा राहिले?” साहेब म्हणाले. “मग तिकीट रद्द करा.”

नाना रडवेले झाले. वही पुढे सरकवत म्हणाले, “साहेब, मी म्हातारा झालो, मला आठवत नाही. पण या प्रत्येक पानाखाली ‘वाचले, समजले’ असा शिक्का आहे आणि वर तुमची सही आहे. ही सतरा पानं तुमच्याच काळातली आहेत. तुम्हाला तेव्हा समजलं होतं. तेवढं सांगता का? मी लगेच लिहून घेतो.”

त्यात टोमणा नव्हता. नाना पेन उघडून खरोखर वाट पाहत होते.

साहेबांनी पान जवळ घेतलं, लांब धरलं, चष्मा पुसला. दारातल्या शिपायाला एकदम खोकला आला. शिक्क्याच्या डाव्या बाजूला ‘तपासले’ असं लिहून माझीही आद्याक्षरं होती. मी नजर फरशीवर ठेवली.

“हं,” साहेब म्हणाले. “हे... हे तसं स्पष्टच आहे. राहू द्या, मी भरतो.” आणि त्यांनी आदेशावर सही केली. तारीखसुद्धा स्वतःच्या हाताने घातली.

जिना उतरताना नानांचा चेहरा उजळला होता. “बघ, साहेबांना सगळं समजत होतं,” ते म्हणाले. “मी उगाच आठ दिवस जिवाला घोर लावून घेतला. मोठा माणूस, बाबा.”

गाडीला वेळ कमी होता. मी त्यांची पिशवी उचलली आणि म्हटलं, “हो नाना, चला लवकर.”