भोंगा बंद होईस्तोवर दहा

जाईबाईचं खरं वय कोणालाच ठाऊक नव्हतं, तिलाही नव्हतं. जिनात, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, नाव नोंदवताना तिनं पन्नास सांगितलं होतं, आणि पुढची दहा-बारा वर्षं ती पन्नासच सांगत राहिली. अकोल्यात तिचं आणि माझं घर एका भिंतीचं. मी तिची लेक शोभावी अशा वयाची, तिला जाईमाय म्हणायची. हंगामात आम्ही दोघी एकाच जिनात कापसाची टोपली वाहायचो. ढिगावरून टोपलं भरायचं, डोक्यावर घ्यायचं, रेच्यापाशी नेऊन रिकामं करायचं. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र. त्याचं पोट कधी भरायचं नाही, आणि त्याला वाढणाऱ्या आम्ही.

तिचा नवरा देवमनबाबा त्याच जिनात बॉयलरवर होता. तीन वर्षं झाली होती त्याला लकवा मारून. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, अर्धं बोलणं ओठाच्या कोपऱ्यातून सांडून जायचं. एक पोर झालं होतं, ते लहानपणीच गेलं. म्हणजे घरात कमावणारे पाय दोनच, आणि ते जाईबाईचे.

बासष्ट सालच्या उन्हाळ्यात हंगाम संपला तेव्हा मुकादम उत्तमरावनं सगळ्या बायांना फाटकापाशी थांबवलं. त्या साली एक म्हातारी टोपल्यासकट चालत्या पट्ट्यावर पडता पडता वाचली होती. पदर पट्ट्यात गेला, जीव राहिला. उत्तमराव म्हणाला, "पुढच्या हंगामात ज्या बुढ्या हायेत त्याइची मी परीक्षा घेईन. पह्यल्या दिवशी सकायचा भोंगा सुरू झाला का भरलं टोपलं डोक्यावर घेऊन खाली बसायचं न् उठायचं. हात टेकायचा नाई. भोंगा बंद होईस्तोवर दहा वेळा. दहा झाले तं आत, नाई झाले तं घरी."

"बुढी कोन, हे कोन ठरवन?" जाईबाईनं विचारलं.

"तुमी इचारलं ना, तं तुमीच पह्यल्या."

बाया हसल्या. जाईबाईही हसली. त्याच संध्याकाळी तिनं रिकामं टोपलं डोक्यावर घेतलं, खाली बसली, आणि उठताना देवमनबाबाच्या बाजेचा खूर धरला. त्यानं ते पाहिलं. आपण पाहिलं हे तिला दिसू नये म्हणून त्यानं भिंतीकडं तोंड केलं.

आधीची जाईबाई असती तर देवीला नवस बोलली असती, पाच खण कबूल करून मोकळी झाली असती. पण छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर तिनं देव्हाऱ्यातले टाक गाडग्यात घालून नदीत सोडले होते. नवस बोलायला कोणी उरलं नव्हतं. "आता गुडघ्यालेच नवस," ती म्हणाली, आणि श्रावणापासून रोज पहाटे लागली.

अडचण एकच होती. पावसाळ्यात जीन बंद, म्हणून भोंगाही बंद. मग दहा वेळा उठायचं ते किती वेळात? त्यावर उपाय तिलाच सुचला. हंगामात आम्ही रोजच पाहायचो, भोंगा सुरू होताना गल्लीतल्या नळाखाली कळशी लावली तर भोंगा थांबायला आणि कळशी काठाला लागायला एकच गाठ पडायची. तेव्हा कळशी भरेस्तोवर किती उठबशा होतात ते मोजायचं. मोजायचं काम माझ्याकडं आलं, कारण मी दुसरी शिकलेली.

कळशीखेरीज आणखी दोन परीक्षा तिनं स्वतःवर लावून घेतल्या. एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायातलं जोडवं काढायचं आणि परत घालायचं, भिंत न धरता. आणि धुतलेलं लुगडं आधी तिनं पिळायचं, मग तेच मी पिळायचं. माझ्या पिळण्यात किती पाणी निघतं त्यावर तिच्या मुठीचा जोर कळायचा. ओलं नऊवारी लुगडं म्हणजे काही रुमाल नव्हे. ज्या दिवशी माझ्या हातून चार थेंब पडायचे त्या दिवशी ती म्हणायची, "पाह्य, तुह्यासाठी काई ठेवलंच नाई."

पहिल्या दिवशी कळशी भरली तेव्हा सहा झाल्या होत्या. पोळ्याला सात. मग तिनं टोपल्यात दोन विटा ठेवल्या, तरी भादव्यात नऊ झाल्या. दीक्षेच्या दिवशी पांढरं लुगडं नेसून ती नळावर आली आणि अकरा केल्या. मी अकरा म्हटलं तेव्हा तिनं मला परत म्हणायला लावलं.

जोडव्याचं मात्र बरोबर जमत नव्हतं. आधी ती भिंत धरत नव्हती, आता बोट टेकायला लागली होती. लुगडंही मी पिळलं की धार लागायची. मी म्हणायची, लुगडं जुनं झालं, पाणी धरून ठेवते. तीही म्हणायची, व्हय, जुनंच हाये. अकरा झाल्यावर लुगड्याचं कोण ऐकतं?

हंगाम सुरू व्हायला दहा दिवस राहिले असतील. मी दुपारी नळावर उभी होते. पुढं मैनाबाई, आमच्याच गल्लीतली, तोंडानं फटकळ. ती तंबाखू मळता मळता कुरकुरत होती.

"वरच्या अंगाले नवी वस्ती काय झाली, आपल्या नळाचा जीवच गेला. आपल्याच पायपातून तीन नळ काढले त्याइनं. पह्यले कळशी लावली का भरे. आता माही तमाखू मळून होते, खाऊन होते, थुकून होते, न् कळशी गळ्यालोगच."

"कवापासून वं?" मी विचारलं.

"श्रावणापासून. तू काय झोपेत पानी भरतं?"

मी नळाकडं पाहिलं. धार करंगळीएवढी होती. तीन महिने रोज पहाटे मी त्या नळाशेजारी उभी राहिले होते आणि माझी नजर जाईबाईच्या गुडघ्यावरून हलली नव्हती. तिच्या उठबशा वाढल्या नव्हत्या. कळशी उशिरा भरत होती.

दोन दिवस मी तशाच उठबशा मोजत राहिले. तिसऱ्या दिवशी पहाटे ती नळावर निघाली तेव्हा तिला दारातच धरलं आणि सांगून टाकलं. ती ऐकत राहिली. मग टोपलं खाली ठेवून उंबऱ्यावर बसली.

"तुले आकडे येतात न् नळ दिसत नाई?" ती म्हणाली.

"चुकलं माय."

"तुहं कावून चुकलं. मी बी तं रोज पानी भरतो."

आतून आवाज आला. देवमनबाबा बाजेवर कोपरावर उठायला पाहत होता. त्याचं बोलणं कळायला वेळ लागायचा, म्हणून आम्ही दोघी आत गेलो.

"भोंगा," तो म्हणाला. "म्या वढला. बारा वर्सं. मले... कोनी इचारलं?"

आम्ही एकमेकींकडं पाहिलं. खरंच होतं. भोंग्याची दोरी बारा वर्षं ज्याच्या हातात होती तो माणूस चार हातांवर बाजेवर पडला होता, आणि आम्ही कळशीला विचारत होतो.

"तुमाले बोलता कुठं येते," जाईबाई म्हणाली, पण हळू.

त्यानं डावा हात वर केला, मूठ वळली, दोरी खाली ओढावी तशी खाली आणली आणि घशातून आवाज काढला. वाकड्या तोंडातून लाळ गळत होती. मधे दम संपला, त्यानं श्वास घेतला, पण मूठ खालीच ठेवली, कारण दोरी सोडली नव्हती. जाईबाईनं विटांचं टोपलं उचललं आणि बसली, उठली. मी मोजत होते. त्यानं मूठ सोडली तेव्हा सात झाल्या होत्या.

श्रावणात सहा होत्या. तीन महिन्यांची कमाई एक.

त्या दिवशी ती रडली नाही. भाकरी केल्या, देवमनबाबाला पुसून काढलं, कूस वळवली. त्याला उचलताना तिच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला, तो मी भिंतीपलीकडून ऐकला. मग पुढचा आठवडा सकाळ-संध्याकाळ तोच भोंगा. देवमनबाबा बाजेवरून ओढायचा, ती उठायची, मी मोजायची. एका दिवशी सात, एका दिवशी आठ, पुन्हा सात. शेजारच्या पोरांना वाटायचं, म्हातारा बिघडला.

चार दिवस राहिले तेव्हा ती दळण घेऊन गिरणीवर गेली होती. देवमनबाबानं मला डाव्या हातानं जवळ बोलावलं.

"सहदेवले... सांग. लांब वढ."

सहदेव त्याच्या हाताखाली शिकलेला, आता बॉयलरवर तोच होता. मी त्याच्या घरी गेले. तो अंगणात दाढी करत होता. निरोप ऐकून त्याचा वस्तरा गालावरच थांबला.

"वाफ काय माह्या बापाची हाये? मॅनेजर घड्याळ लावून बसते."

"मी म्हनत नाई, बाबा म्हनतात."

"किती कमी पडून राह्यल्या?"

"दोन. कधी तीन."

"दोन उठबशाइले किती वाफ लागते हे गुरूनं मले शिकवलंच नाई," तो म्हणाला, आणि गालावरचा साबण पुसून आत निघून गेला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

परतताना मला ती पट्ट्यावर पडता पडता वाचलेली बाई आठवली. उत्तमरावनं परीक्षा उगाच लावली नव्हती. जिच्या सात होतात तिनं त्या पट्ट्याजवळून टोपलं न्यावं की नाही, याचं उत्तर मलाही ठाऊक होतं. रस्त्यात मी थांबले. पण सहदेवकडं परत गेले नाही. माझ्या डोळ्यांपुढं ती बाज होती, आणि बाजेखालची पिठाची रिकामी डेग.

हंगामाच्या पहिल्या दिवशी फाटकाबाहेर कापसाच्या बैलबंड्या लागल्या होत्या. उत्तमरावनं चार जणींना बाजूला काढलं. जाईबाई, पार्बताबाई आणि आणखी दोघी. चौघींच्या डोक्यावर कापसानं भरलेली टोपली चढवली. पार्बताबाई जाईबाईला म्हणाली, "आपलं लगन लावून राह्यले वाटते." जाईबाईनं मान हलवली नाही. टोपलं हललं असतं.

भोंगा सुरू झाला. उत्तमराव मोठ्यानं मोजू लागला. पहिल्या चार उठबशा चौघींच्या एकदम झाल्या. पाचव्याला एक जण हात टेकून बाजूला झाली, सहाव्याला दुसरी. सातव्याला पार्बताबाई खाली बसली ती बसलीच, टोपलं मांडीत घेऊन कापसाकडं पाहत राहिली. जाईबाईची सातवी झाली, आठवी झाली. घाम हनुवटीवरून गळत होता. भोंगा थांबायची वेळ आली हे माझ्या अंगाला कळलं, आठवडाभर तोच ऐकला होता.

भोंगा थांबला नाही.

जाईबाईनं डोळे वर केले. तिलाही कळलं होतं. तो किती वेळ वाजतो ते तिच्याइतकं त्या फाटकात कोणाला ठाऊक होतं? क्षणभर मला वाटलं, ही आता थांबते. ती खाली बसली आणि उठली. उत्तमराव नऊ म्हणाला. बंड्यांचे बैल बिचकून माना हलवू लागले, गाडीवान शिव्या देऊ लागले. ती पुन्हा बसली. या वेळी उठायला लागली आणि अर्ध्यात अडकली. तिची डावी बोटं जमिनीला लागली. मी पाहिलं. उत्तमराव तेव्हा धुराड्याकडं पाहत होता. खरंच पाहत होता, की त्यानं तिकडंच पाहायचं ठरवलं, ते त्यालाच ठाऊक. ती उभी राहिली आणि भोंगा थांबला.

"दहा," उत्तमराव म्हणाला. मग खालच्या आवाजात, "सहदेवची दोरी अडकली वाटते आज." पार्बताबाईला त्यानं हात देऊन उठवलं आणि घरी जा म्हणाला.

आम्ही आत निघालो. मी जाईबाईच्या एका खांद्याला खांदा लावला, मैनाबाईनं काही न विचारता दुसऱ्या. हात कोणी दिला नाही, दिला असता तर दिसला असता. ती माझ्या कानाशी पुटपुटली, "इंदे, दुपारी मले बसू देजो नको. बसली तं मी काई उठत नाई."

त्या दिवशी मी माझं टोपलं काठापर्यंत भरलं आणि तिचं गळ्यापर्यंत. पट्ट्याच्या बाजूनं मी चालायची, तिला भिंतीच्या बाजूनं ठेवायची. दुपारी सुटी झाली. सगळ्या बाया ढिगाच्या सावलीत मांड्या घालून बसल्या. जाईबाई भिंतीला पाठ लावून उभी राहिली, भाकरी डाव्या तळहातावर घेतली, वर ठेचा ठेवला आणि उभ्यानंच खाऊ लागली.

मैनाबाई म्हणाली, "बस वं बुढे, घोड्यावानी काय खातं उभ्यानं."

"घोडा बसला तं मालक इकते त्याले," जाईबाई म्हणाली. मी माझी भाकरी उचलली आणि तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले. संध्याकाळ व्हायला अजून पाच तास होते, आणि हंगाम संपायला सहा महिने.