जंगलाला न विचारता

मंडळी, माझे हात अजून गार आहेत.

आज दुपारी ऑफिसमधल्या आयनो नावाच्या फिनिश मैत्रिणीबरोबर ब्रिस्टलजवळच्या जंगलात फिरायला गेले. नवरा कारपार्कमध्ये थांबला होता. परतताना पायवाटच सापडेना. पक्षीसुद्धा एकदम गप्प झाले.

आयनो शांतपणे म्हणाली, "आमच्याकडे जंगलाला विचारून आत जातात. आज मी विसरले. त्याने आपल्याला लपवलंय." तिने जॅकेट उलटं करून घातलं. "तूही घाल, मग सोडेल."

मी असलं काही मानत नाही. तरी घातलं.

पायवाट समोरच होती. तिच्यावर नवरा, पांढराफटक! "अगं, इथूनच दोनदा गेलो, तुला हाका मारत!"

आम्हाला एकही हाक ऐकू आली नव्हती.

घरी येऊन तास झाला. जॅकेट अजून उलटंच आहे. तुम्ही सरळ केलं असतं?