कशावरून सर

लग्नाच्या पंगतीत कुणी सहज म्हणालं, "मुलगी फार सुगरण आहे हो," तर शेजारी बसलेल्या सरांच्या तोंडून घास गिळायच्या आत प्रश्न निघायचा, "कशावरून?" समोरचा गोंधळायचा, सरांच्या पत्नी, आमच्या काकू, पदराआडून डोळे वटारायच्या आणि सर निरागसपणे उत्तराची वाट पाहत बसायचे. त्यांना वाद घालायचा नसे. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असे. अमरावतीच्या कॉलेजात त्यांनी उभी हयात वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण पोरांनी त्यांचं नाव ठेवलं ते या एका शब्दावरून. कशावरून सर.

माझी त्यांची ओळख झाली तीही भांडणातूनच. मी अकोल्याला शाळेत विज्ञान शिकवते. कुणीही लिहावं आणि कुणीही दुरुस्त करावं असा इंटरनेटवर एक मराठी ज्ञानकोश आहे, त्यात मी हौसेनं लिहायला लागले होते. माझं आजोळ मोर्शीचं. तेव्हा पहिलाच लेख संत्र्यांवर, आणि पहिलंच वाक्य: 'मोर्शीची संत्री जगात सर्वांत गोड असतात.' दुसऱ्या दिवशी वाक्य गायब. मी लेखाच्या चर्चापानावर तावातावानं विचारलं, कोणी काढलं, का काढलं. खाली उत्तर आलं: 'मी काढले. मलाही ती सर्वांत गोड वाटतात. परंतु वाटणे आणि ठाऊक असणे यांत अंतर आहे. रविवारी अमरावतीला घरी या, आपण संदर्भ शोधू.'

मी गेले. राजापेठेतलं ते घर, पुढच्या खोलीत तिन्ही भिंतींना पुस्तकांची कपाटं. सर लिहिताना शुद्ध पुस्तकी मराठी लिहीत आणि बोलताना पक्कं वऱ्हाडी. "या मॅडम. रागात आल्या का बसनं आल्या?" हे त्यांचं पहिलं वाक्य. नंतर कितीतरी रविवार मी मूर्तिजापूर-बडनेरा करत त्या घरी जात राहिले. काकू गिलावडे तळायच्या आणि सर मला शिकवायचे. पुस्तकाचा आधार कसा द्यायचा, कुणाचं म्हणणं त्याच्याच नावावर कसं ठेवायचं, 'प्रसिद्ध', 'थोर', 'अद्वितीय' हे शब्द कसे खुडून टाकायचे. "विशेषण दिसलं का समजायचं, इथं माहिती कमी पडली," असं ते म्हणत.

ज्ञानकोशात ते प्रचालक होते, म्हणजे पान कुलूपबंद करण्याचा आणि गडबड करणाऱ्यावर बंदी घालण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता. त्यांचं खरं वैर होतं ते जाहिरातींशी. कुणी चिखलदऱ्याच्या पानावर आपल्या हॉटेलचा दुवा चिकटवी, कुणी गावाच्या माहितीत आपला क्लास घुसडी. सकाळचं फिरणं झालं की सर कोरा चहा घेऊन बसत आणि हे दुवे एकेक करून उपटत. "कोश हाय हा, चौकातली भिंत नाही," असं पुटपुटत. एकदा त्यांच्या सख्ख्या पुतण्यानं स्वतःच्या दवाखान्याचं कौतुक लिहिलं, तेही यांनी काढलं. पुतण्यानं वास्तुशांतीचं आमंत्रणच दिलं नाही. सर बिनआमंत्रणाचे गेले, पोटभर जेवले आणि निघताना पुतण्याला म्हणाले, "घर झकास बांधलं. पण ते कोशात नाही येत बाप्पा." ही गोष्ट मी शाळेत किती जणांना सांगितली असेल. असा माणूस आपला गुरू आहे याचा मला गर्व होता.

त्यांच्याच आग्रहानं मी अंजनगाव सुर्जीच्या पानमळ्यांवर लेख लिहिला. त्या भागात नागवेलीबरोबर पानपिंपळी लावतात. औषधात वापरतात ती. माहिती देणारं मुख्य माणूस म्हणजे शोभाताई. पिढ्यान्‌पिढ्या मळा करणाऱ्या घरातली ती सून, आता स्वतः सासू झालेली. तिनं मला चप्पल बाहेर काढायला लावून मळ्यात नेलं, पांगाऱ्यावर चढलेले वेल दाखवले, तोडणी, सुकवणी, सगळं सांगितलं. चालताना तिला धाप लागे. दमा होता. कमरेच्या पिशवीतून पंप काढून ती दोन दम ओढी आणि पुन्हा बोलू लागे. लेख पुरा झाला तेव्हा सरांनी फोन केला. "एकबी विशेषण नाही सापडलं मले." एवढं कौतुक त्यांनी माझं कधी केलं नव्हतं.

आणि मग त्या लेखात एक वाक्य उगवलं. 'पानपिंपळीच्या नियमित सेवनाने दमा समूळ बरा होतो.' शेजारी कॅप्सूल विकणाऱ्या एका दुकानाचा दुवा. लिहिणारा कुणी नवा सदस्य, टोपणनाव घेतलेला. मी वाक्य काढलं. ते परत आलं. पुन्हा काढलं, पुन्हा आलं, आणि या वेळी संदर्भासकट. एका जुन्या वनस्पतिकोशाचं नाव, आवृत्ती, पृष्ठ क्रमांक. इतकं नेटकं की वाचणाऱ्यानं मान डोलवावी. मला ते पुस्तक अकोल्यात कुठं मिळेना; सरांच्या कपाटात पाहिलं होतं, पण एवढ्यात अमरावतीला जाणं झालं नव्हतं. तरी मी वाक्य काढत राहिले, समोरचा घालत राहिला. कोशात याला संपादन युद्ध म्हणतात. कोणत्याही बाजूनं केलं तरी तो गुन्हाच असतो.

एका दुपारी शाळेतून येऊन पाहते तो माझ्यावर आठवडाभराची बंदी. कारण: 'दुसऱ्याचे संपादन वारंवार उलटवणे.' आणि बंदी घालणाऱ्याचं नाव, सरांचं. लेखाला त्यांनी कुलूप घातलं होतं, ते वाक्य आत असताना.

मी फोन केला. सर शांतपणे म्हणाले, "नियम तो नियम. तुमाले सोडलं तं लोक म्हणतीन, आपल्या माणसाले सोडलं." मला वाईट वाटलं, पण खरं सांगते, त्या क्षणी त्यांच्याबद्दलचा आदर वाढलाच. पुतण्याला सोडलं नाही, मला का सोडतील? बंदी संपली की त्यांच्याच कपाटातलं ते पुस्तक पाहू आणि वाक्य रीतसर काढू, असं मी ठरवलं.

तो आठवडा सरायच्या आतच शोभाताईच्या सुनेचा फोन आला. ताईला अमरावतीच्या दवाखान्यात भरती केलं होतं. मी पोहोचले तेव्हा तिच्या तोंडावरचा मास्क नुकताच काढला होता. थांबत थांबत ती म्हणाली, "पंप बंद केला होता म्या. सुनेनं मोबाइलवर वाचून दाखवलं ना. तुमच्याच पानावर लिहून हाय ताई, पिंपळीनं दमा जडमुयापासून जाते म्हणून. तुमी लिहलं म्हणजे खोटं कसं राहीन?"

मी काहीतरी बोलले आणि बाहेर पडले. डोक्यात एकच होतं, सरांचं घर गाठायचं, ते पुस्तक उघडायचं आणि आजच्या आज वाक्य काढायला लावायचं.

दार काकूंनी उघडलं. सर भाजी आणायला गेले होते. पुढच्या खोलीत कपाटांसमोर खोकी रचली होती, माझ्या छातीपर्यंत. वरच्या खोक्यावर दुकानाचं नाव वाचलं. गेले कित्येक दिवस मी जे नाव पुसत होते तेच.

"प्रमोदचा माल हाय," काकू कौतुकानं म्हणाल्या. प्रमोद म्हणजे त्यांचा मुलगा. "पुण्याची नोकरी गेली ना त्याची. आता नांदगाव पेठले गाळा घेतला. यायनं सांगतलं नाही तुमाले? रोज सकायी दोघं बापलेक बसतात त्या कॉम्प्युटरवर. पोराले मराठी टाइप करता येत नाही, तं हेच करून देतात सगळं."

तेवढ्यात सर आले. हातात पिशवी, मेथीची जुडी बाहेर डोकावत असलेली. माझ्याकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं.

"कवा आल्या?"

मी शोभाताईचं सगळं सांगितलं. ते खुर्चीवर बसले, चष्मा काढला.

"पंप काहून सोडला तिनं? पंप सोडा असं तं नव्हतं लिहिलं."

"समूळ बरा होतो असं लिहिलं होतं, सर."

त्यांनी मेथीची पिशवी पायाशी ठेवली.

"ते पुस्तक दाखवा मला. ते पान."

त्यांनी कपाटाकडे मानही वळवली नाही. "त्या पानावर खोकल्याचं हाय. दम्याचं नाही." मग म्हणाले, "पोरगं पुण्याले घरात बसून होतं दोन वर्षं. जेवायले उठत नव्हतं. तुमी पाहिलं नाही ते, मी पाहिलं."

"मला सांगितलं असतं तर?"

"तुमाले सांगतलं असतं तं तुमी ऐकलं असतं?" त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "मीच शिकवलं तुमाले. म्हणून तं बंदी घालावी लागली."

मी म्हटलं, वाक्य काढा आणि चर्चापानावर लिहा की तो सदस्य तुम्हीच. पहिल्याला त्यांनी होकारार्थी मान हलवली. दुसऱ्याला म्हणाले, "तेवढं करायले नका सांगू. तिथं नाव हाय माझं." काकू पोहे घेऊन आल्या तोवर मी चपला घालत होते.

संध्याकाळी वाक्य गेलं, दुवा गेला, माझ्यावरची बंदीही न बोलता उठली. सरांनी स्वतःच्या नावानं नोंद केली होती: 'असंदर्भित दावा व जाहिरात काढली.' खाली लगेच इतर सदस्यांचे अभिप्राय. 'सर, आपल्या दक्षतेला प्रणाम.' 'आपण आहात म्हणून कोश सुरक्षित आहे.'

मी गप्प बसले नाही. घडलं तसं सगळं चर्चापानावर लिहिलं. लोकांनी पुरावा मागितला. माझ्याकडे होती ती पाहिलेली खोकी आणि काकूंचं बोलणं, आणि त्या बाईला मी यात ओढणार नव्हते. कुणीतरी लिहिलं की बंदीचा राग काढणं शोभत नाही. सर ते सारं वाचत होते, कारण त्या दिवसांत त्यांची दुसऱ्या पानांवरची कामं नेहमीसारखी चालू होती. एक शब्द लिहिला असता तरी पुरे होतं. त्यांनी लिहिला नाही. त्या गप्प बसण्यानं मला जेवढं तोडलं तेवढं त्या बंदीनं, त्या खोट्या आधारानंही तोडलं नाही.

शोभाताई घरी आल्यावर मी अंजनगावला गेले. ते वाक्य माझं नव्हतं, कुणाचं होतं, का होतं, सगळं सांगितलं. मळ्याच्या बांधावर बसून तिनं ऐकून घेतलं.

"हेच ना ते सर, ज्यायची तुमी एवढी तारीफ करत होत्या?"

"हो."

"ते आले नाही मले पाहाले."

"नाही."

ती पदरानं वारा घेत राहिली. मग म्हणाली, "तुमच्यावर राग नाही ताई. पण त्या पानावर फोटो हाय माझा, तेवढा काढून घ्या. गावातले लोकं विचारतात मले, पिंपळीनं बरी झाली का म्हणून."

घरी येऊन मी तो फोटो काढला. वेलाला हात लावून उभी असलेली ती, हसत. लेखातलं सगळ्यांत चांगलं तेच होतं.

दुसऱ्या दिवशी चर्चापानावर सरांचा प्रश्न आला. त्यांच्या त्या जुन्या, स्वच्छ, पुस्तकी मराठीत: 'सदर छायाचित्र काढण्याचे कारण काय? कृपया स्पष्ट करावे.'

मी खाली लिहिलं: 'ज्यांचे छायाचित्र आहे, त्यांची इच्छा.'

प्रश्न अजून तिथंच आहे, त्याखाली माझं उत्तर. त्याखाली कुणी काही लिहिलेलं नाही.