ओस्टरवार्फचा चढेल ऑर्गन

गेशे हार्म्स ओस्टरवार्फ गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची आणि तिचा नवरा हाबो त्याच चर्चच्या पितळी बँडमध्ये ट्रम्पेट फुंकायचा. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण दोघांनी एकत्र एक ओळ वाजवली असेल तर शपथ. आता यावर कुणी म्हणेल, भांडण असेल. भांडणं तर रोजचीच होती, पण याचं कारण होता तो म्हातारा ऑर्गन.

तीनशे वर्षांपूर्वी तो ज्याने बांधला, त्याने सूर लावला तो स्वतःच्या मर्जीने. तेव्हा तसंच चालायचं. शेजारच्या गावचा ऑर्गन याच्याहून खाली, त्याच्या पलीकडचा आणखी वर, आणि ज्या 'आ' सुरावर बाकीची वाद्यं जुळवायची, तो प्रत्येक गाव आपलाच खरा म्हणणार! पुढे जगाने मिळून एकच 'आ' ठरवला, बँडची वाद्यं त्याबरहुकूम घडली, आणि आमचा ऑर्गन राहिला अधांतरी. अर्ध्या सुराने वर म्हणावं तर त्याहून थोडा कमीच. म्हणजे पट्टी बदलूनही जुळायचा नाही. आणि जुनी वस्तू म्हणून सूर उतरवायला त्याच्या नळ्यांना हात लावायची बंदी.

मग गावाने रीत पाडली. पहिलं कडवं बँडचं, दुसरं ऑर्गनचं, तिसरं परत बँडचं. दर कडव्याला लोकांनी गळा वर चढवायचा आणि पुन्हा खाली आणायचा. इथल्या पोरांना ते बोलण्याआधी जमतं. गेशेच्या मात्र दर रविवारी डोक्याला ताप.

"तुझा ऑर्गन चढेल आहे," हाबो खडीसाखरेवर चहा ओतत म्हणायचा.

"आणि तुझा बँड पडेल!"

त्या जानेवारीत हाबोचे पुढचे दात हलू लागले. डॉक्टरांनी मंगळवारी काढायचं ठरवलं. पुढचे दात गेले की ट्रम्पेट संपला, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. हाबो नुसता ट्रम्पेट पुसत बसला. गेशेला ते बघवेना.

"अरे, किती घासशील? भोक पडेल त्याला!"

"एकदा तुझ्याबरोबर वाजवायचं होतं गं," तो म्हणाला. "राहिलंच ते."

आता हे पस्तीस वर्षांनी सांगायचं? गेशे इतकी चिडली की चहा तसाच टाकून चर्चमध्ये, वर माळ्यावर ऑर्गनपाशी जाऊन बसली. बॉयलर फक्त रविवारसाठी पेटायचा. आत हाडं गोठत होती. थोड्या वेळाने हाबो तिला बोलवायला आला. ट्रम्पेट कोटाखाली होताच. तिला खिजवावं म्हणून त्याने खालूनच 'आ' फुंकला. गेशेने वरून रागाने 'आ' दाबला.

दोन्ही सूर एक.

थंडीत नळ्यांमधली हवा गारठली की ऑर्गन उतरतो, हे गेशेला पहिल्यापासून ठाऊक होतं. पण तो इतका उतरेल, अशी थंडी तिच्या आयुष्यात पडलीच नव्हती. ट्रम्पेट मात्र हाबोच्या कोटाने आणि श्वासाने उबदार होता, म्हणून उतरला नव्हता.

शनिवारी तिने गुपचूप बॉयलर बंद केला आणि त्या खोलीची किल्ली खिशात घातली.

रविवारी लोकांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. तरुण पास्टर इम्के धावत वर आल्या. "हार्म्सबाई, बॉयलर बंद आहे!"

"हो. मीच केलाय."

"अहो, लोक गारठून मरतील!"

"कुणी मरत नाही. आपल्या पणज्यांनी याच थंडीत प्रार्थना केल्यात."

"देवाचं नाव घ्यायला जीभ तर वळू दे, गेशे!" खालून म्हातारे रेम्मरकाका ओरडले.

"मग मनात घ्या, काका!"

बँडला तिने आधीच बजावलं होतं की वाद्यं कोटाखाली उबेत ठेवायची आणि आज सगळी कडवी सगळ्यांनी मिळून. पहिलं कडवं सुरू झालं आणि गेशेच्या अंगावर काटा आला, तो थंडीचा नव्हता. दोघांचा सूर असा मिसळला की हाबोचा कुठला आणि आपला कुठला, तिला कळेना.

आणि मग कडवं संपलं, नि त्या गाढवांनी वाद्यं खाली घेतली! सवयच ना. सगळ्यात आधी हाबोने. दुसरं कडवं ऑर्गनचं, म्हणून लोकांनीही सवयीने गळा वर चढवला. ऑर्गन खाली आणि अख्खं गाव वर, असा तो भेसूर गोंधळ.

गेशेने हात उचलले आणि कठड्यावरून वाकली. "हाबो! अरे मंगळवारी दात जाणार तुझे! फुंक की!"

हाबोने ट्रम्पेट ओठांना लावला.

उरलेली सगळी कडवी एकत्र झाली. शेवटचा सूर हाबोने धरून ठेवला. ऑर्गनला काय, त्याचा श्वास कधी संपत नाही. पण हाबोचा थरथरायला लागला, बारीक झाला आणि विझला, तेव्हाच गेशेने ऑर्गनच्या पट्ट्यांवरून बोटं उचलली.

"आता तरी लाव गं बाई तो बॉयलर!" रेम्मरकाकांनी दात वाजवत हाक मारली.

"लावते," गेशे म्हणाली. खिशातली किल्ली मुठीत घट्ट धरून ती तशीच बसून राहिली.